काळे ते सारे आबनूस नव्हे

मी लाकूडशास्त्रज्ञ नव्हे. माझी शाळा सातवीत सुटली. पुढचे शिक्षण कामगारवस्तीत आणि सार्वजनिक वाचनालयात झाले. तरीही आज आबनुसावर बोलायला उभा आहे, त्याला कारण एक पगारकपात.

काही वर्षांपूर्वी फर्निचरच्या एका कारखान्यात आमच्या एका पॉलिशवाल्या सभासदाचा पगार कापला गेला. विनियर म्हणजे प्लायवुडवर चिकटवलेला, जेमतेम अर्ध्या मिलिमीटरचा लाकडाचा पापुद्रा. आबनुसाचा असा महागडा विनियर त्याने घासून संपवला आणि खालचे प्लाय उघडे पाडले, हा आरोप. त्याच गठ्ठ्यातला एक तुकडा मी मागून घेतला आणि सर्वांसमक्ष मोडला. वरून काळा, आत पांढुरका! घासला गेला होता तो रंग. लाकूड जागच्या जागी होते. कपात परत मिळाली, आणि मला हा अभ्यास जडला.

आबनूस हे एकाच झाडाचे नाव नाही. डायोस्पायरॉस या गोतातल्या काही झाडांचा गाभा काळा असतो; तोच आबनूस. भोवतालचे लाकूड फिकेच राहते. ज्याच्या पानांच्या विड्या वळून हजारो बायाबापड्यांनी संसार चालवले, तो तेंदू, म्हणजे आपली टेंभुर्णी, याच गोतातली. तिच्या शास्त्रीय नावातल्या मेलॅनोझायलॉन या शब्दाचा अर्थच ‘काळे लाकूड’.

आता यांना वेगळे ओळखावे कसे? श्रीलंका व दक्षिण भारतातला आबनूस बहुधा एकसारखा काळा, अतिशय बारीक पोताचा. पॉलिश केल्यावर काचेसारखा दिसतो. मध्य आफ्रिकेतला गॅबून आबनूसही काळा, पण त्यात कधी करड्या-तपकिरी रेघा येतात. इंडोनेशियातल्या सुलावेसी बेटावरचा मकासर आबनूस तपकिरी अंगावर काळे पट्टे मिरवतो. ओंडका कसा कापला यावर पट्ट्यांचे रूप ठरते: एका कापात सरळ रेघा, दुसऱ्यात डोंगराच्या रांगांसारखी नक्षी. म्हणून निराळी नक्षी दिसली की लाकूडही निराळे, असे समजू नये. अंदमानच्या मार्बलवुडचे अंग करडे-तपकिरी, त्यावर काळे पट्टे.

आफ्रिकेतले झेब्रानो मात्र आबनूस नव्हे. त्याचे अंग पिवळसर, रेघा गडद, आणि त्याची छिद्रे नुसत्या डोळ्यांना दिसतात. आपल्या जुन्या वाड्यांतले शिसवीही आबनूस नव्हे. त्यात जांभळट झाक असते आणि सुईने ओरखडल्यासारख्या बारीक रेघा दिसतात. आबनुसाची छिद्रे इतकी सूक्ष्म असतात की ती पाहायला भिंग लागते.

मोडून पाहण्याची माझी खूण वरवरच्या रंगापुरतीच खरी. काही विनियर आरपार रंगवलेले असतात. काही तर फिक्या लाकडाचे रंगीत थर एकत्र दाबून, पुन्हा कापून बनवतात. अशा पत्र्यांवर तीच नक्षी ठरावीक अंतराने परत येते. झाड कधी अशी हुबेहूब नक्कल करीत नाही. तंटा मिटेनाच, तर डेहराडूनच्या वन संशोधन संस्थेसारख्या ठिकाणी लाकडाची ओळख पटवून मिळते.

आणखी एक गोष्ट. ही झाडे फार सावकाश वाढतात आणि बेसुमार तोडली गेली आहेत. मादागास्करमधल्या आबनुसाच्या व्यापारावर २०१३ पासून आंतरराष्ट्रीय कराराचे नियंत्रण आहे. तेव्हा विकत घेताना नक्षीबरोबर कागदही तपासावेत.

फ्रेंच भाषेत उंची फर्निचर घडवणाऱ्या कारागिराला आबनुसावरूनच ‘एबेनिस्त’ म्हणतात. लाकडाने कारागिराला नाव दिले ते असे. आमच्याकडे त्याच नावाखाली रंगवलेला पत्रा खपतो, तेव्हा मोल गिऱ्हाईक मोजते आणि दंड कामगार भरतो. म्हणून मी सभासदांना सांगतो: हत्याराला धार लावता तशी नजरेलाही लावा. आपल्या हाताखालचा माल ज्याला ओळखता येतो, त्याच्या माथी खोटा दोष मारणे सोपे नसते.