एकाच पाषाणाच्या दोन मात्या

सातारा जिल्ह्याच्या पश्चिम टोकाला महाबळेश्वर, पूर्वेला माण तालुका. महाबळेश्वरात वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस कोसळतो. माणमध्ये पाचशेच्या आसपास पडला तरी वर्ष बरं गेलं म्हणतात. महाबळेश्वरची माती तांबडीलाल, माणगंगेच्या काठची काळी. दोन्हीकडे खोल खणत गेलं की लागतो तो मात्र एकच खडक. सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी लाव्ह्याचे थरावर थर साचून झालेला बेसाल्ट, म्हणजे आपला काळा पाषाण. दख्खनचा जवळजवळ पाच लाख चौरस किलोमीटर प्रदेश आजही त्याने व्यापला आहे. जसा खडक तशी माती, हे आपण धरूनच चालतो. ते अर्धंच खरं आहे. उरलेलं अर्धं पाणी ठरवतं.

पाण्याला आत शिरायला वाट लागते आणि ती पाषाणातच असते. लाव्हा थिजताना आकसतो आणि त्याला उभे-आडवे तडे जातात. त्यांतून पाणी झिरपू लागलं की खडकाचे ठोकळे चारही बाजूंनी झिजतात. कोपऱ्यावर तीन बाजूंनी मारा, कडेवर दोन बाजूंनी, सपाट अंगावर एकाच. त्यामुळे कोपरे आधी जातात आणि चौकोनी ठोकळा हळूहळू गोल होतो. कुठल्याही घाटात रस्त्यासाठी कापलेली दरड पाहा, असे गोल धोंडे एकमेकांवर रचल्यासारखे दिसतात. त्यांचे पापुद्रे कांद्यासारखे सुटतात. बाहेरचा पिवळट-तपकिरी पापुद्रा बोटाने चुरगळता येतो, त्याखालचा नखाने खरवडावा लागतो. चार-पाच पापुद्रे निघाले की काळानिळा गाभा लागतो आणि त्यावर हातोडी मारली तर ती खणकन वाजते. वीतभर अंतरात खडक ते मातीचा निम्मा प्रवास तिथे पाहायला मिळतो.

बाहेरचा पापुद्रा पिवळट-तपकिरी का होतो? बेसाल्टमध्ये लोह भरपूर असतं. हवा-पाण्याशी गाठ पडली की ते गंजतं. तेवढ्याने माती होत नाही, खरं काम पावसाचं पाणी करतं. हवेतला कार्बन डायऑक्साइड पोटात घेऊन ते किंचित आम्लधर्मी झालेलं असतं. जमिनीत मुरताना त्याची धार आणखी वाढते, कारण मुळं आणि सूक्ष्मजीव यांच्या श्वासोच्छ्वासामुळे मातीतल्या हवेत हा वायू बाहेरच्या हवेपेक्षा कितीतरी पट जास्त असतो. हे सौम्य आम्ल खडकातल्या खनिजांमधून कॅल्शियम, मॅग्नेशियम, सोडियम सोडवून घेतं. कोणतं खनिज आधी हार मानणार, याचा क्रम अमेरिकेच्या सॅम्युएल गोल्डिच यांनी 1938 साली मांडला. वितळलेल्या रसातून जे खनिज सर्वांत आधी, सर्वाधिक तापमानाला घट्ट झालं, तेच जमिनीवर आल्यावर सर्वांत आधी विरतं. बेसाल्टचा बहुतेक ऐवज अशाच खनिजांचा आहे. त्यामुळे हातोडीला दाद न देणारा हा खडक पाण्यापुढे ग्रॅनाइटच्या मानाने लवकर नमतं घेतो.

सुटलेले क्षार पाण्याबरोबर निघून जातात. मागे राहिलेली सिलिका आणि अ‍ॅल्युमिनियम नव्याने एकत्र येऊन वेगळंच खनिज घडवतात, तीच चिकणमाती. तिचे कण दोन मायक्रॉनहून लहान असतात. चिकणमाती म्हणजे खडकाचं पीठ, ही समजूत शाळेपासूनच आपल्या डोक्यात पक्की बसलेली असते. पण खडीच्या क्रशरखाली बेसाल्ट कितीही बारीक दळला तरी हाती पडते ती भुकटीच. जुनं खनिज मोडून नवं जुळलं, तरच चिकणमाती होते.

या कामाला सजीवांचाही हातभार लागतो. गोडा मसाल्यात आपण जे घालतो त्या दगडफुलाचे भाऊबंद उघड्या कातळावर पहिलं बिऱ्हाड मांडतात. (बाजारातलं दगडफूल बहुतेक झाडांच्या सालीवरून खरवडलेलं असतं, तो भाग वेगळा.) ते ऑक्झॅलिक आम्लासारखी द्रव्यं सोडतात, खडकाच्या कणांमध्ये आपले धागे घुसवतात. त्यांच्या मागून शेवाळ येतं, मग गवत. गडाच्या तटात रुजलेला पिंपळ चिरे कसे उचकटतो, ते तर सगळ्यांनी पाहिलेलं आहे.

विहीर खणणाऱ्यांना हा सगळा क्रम उलटा भेटतो. वर काळी, तिच्या बुडाशी चुनखडीचे पांढरे खडे, मग मुरूम, मग पहारीने फुटेल असा कच्चा खडक आणि शेवटी सुरुंगाशिवाय न हलणारा पाषाण. त्यातले चुनखडीचे खडे महत्त्वाचे आहेत. पाऊस बेताचा असला की खडकातून सुटलेला कॅल्शियम जमिनीबाहेर जात नाही, तिथेच चुनखडी होऊन बसतो. अशा क्षारयुक्त जागी स्मेक्टाइट नावाची चिकणमाती टिकते. तिच्या पदरांमध्ये पाणी शिरतं, म्हणून ती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आकसते. वैशाखात काळ्या रानाला कोपरापर्यंत हात जाईल अशा भेगा पडतात. वरची माती त्यांत पडते आणि पाऊस आला की खालची जमीन फुगून तिला दाबते. वर्षानुवर्षं ही जमीन अशी स्वतःलाच घुसळत राहते. खोल खड्ड्याच्या भिंतीत मातीचे तिरपे, घासून चकाकणारे पृष्ठभाग दिसतात, ते याच घुसळणीचे. अशा जमिनीवर घर बांधणारा माणूस मुरूम लागेपर्यंत पाया खणतो, तो उगाच नाही. आणि काळी आहे म्हणजे कस भरपूर असणार, हेही खरं नाही. तिच्यात सेंद्रिय कर्ब बहुधा एक टक्क्याच्या आतच असतो. तेवढाच या चिकणमातीला घट्ट धरून तिला काळी करतो.

घाटमाथ्यावर आणि कोकणात पाऊस हात राखून पडत नाही. तो कॅल्शियम, मॅग्नेशियम नेतो, पाठोपाठ सिलिकाही नेतो. शेवटी उरतं लोह आणि अ‍ॅल्युमिनियम, तोच जांभा. अ‍ॅल्युमिनियम फारच साचलं तर बॉक्साइट होतं. कोल्हापूर जिल्ह्यातल्या खाणी त्याच्याच. जांभ्याचा ताजा चिरा हत्याराने सहज तासता येतो आणि वाऱ्यावर पडला की टणक होतो. हा गुण फ्रान्सिस बुकानन यांनी मलबारात अंगाडिपुरमजवळ टिपला आणि 1807 साली छापलेल्या प्रवासवर्णनात या दगडाला लॅटराइट म्हटलं. तेच नाव पुढे जगभर चाललं. माती होता होता पुन्हा दगड झालेला हा प्रकार आहे. रत्नागिरीच्या सड्यांवर हापूस लावायचा तर कातळ फोडून खड्डा करावा लागतो आणि माती दुसरीकडून आणून भरावी लागते.

इथवर हिशेब सरळ वाटतो: पाऊस थोडा तर काळी, पाऊस फार तर लाल. नागपूरच्या राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण संस्थेतल्या संशोधकांनी त्यात दोन गाठी दाखवल्या. पहिली अशी, की आजच्या कोरड्या हवेत इतकं स्मेक्टाइट घडणं अवघड आहे. ते पूर्वीच्या दमट काळात डोंगरउतारांवर झालं आणि वाहत येऊन खोऱ्यांत साचलं. म्हणजे माणची काळीसुद्धा ओल्या दिवसांचीच कमाई. दुसरी गाठ सह्याद्रीच्या माथ्यावरची. भीमाशंकर परिसरात, धो धो पावसात सगळं धुऊन जायला हवं तिथेही सखल जागी काळी जमीन सापडते. त्याचं कारण झिओलाइट. अजिंठ्याच्या पायथ्याशी फेरीवाले जे चमकते स्फटिक विकतात, त्यांतले बरेच याच कुळातले. बेसाल्टच्या पोकळ्यांत दडलेली ही खनिजं विरघळताना कॅल्शियम पुरवत राहतात आणि पावसाने केलेली लूट भरून काढतात.

सगळा व्यवहार अतिशय संथ आहे. खडकापासून सेंटीमीटरभर माती व्हायला शतकं लागतात. उलट उतारावरच्या एका हेक्टरातून मिलिमीटरभर थर वाहून गेला की दहा घनमीटर, म्हणजे अंदाजे तेरा टन माती गेली. एकरी पाच टन. ती धरणांत आणि तलावांत जाऊन बसते. तिथून उपसून पुन्हा शेतात टाकण्यासाठी सरकारने 2017 साली ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजना आणली.

अलीकडे क्रशरच्या त्या भुकटीलाही भाव येऊ लागला आहे. बेसाल्ट विरताना हवेतला कार्बन डायऑक्साइड खर्ची पडतो, म्हणून भुकटी शेतात पसरून ही क्रिया वेगाने घडवायची आणि त्याचे कार्बन क्रेडिट विकायचे, असे प्रयोग भारतातही सुरू आहेत. दळल्याने पाण्याला भिडणारं क्षेत्रफळ कैक पटींनी वाढतं, त्यामुळे कल्पना पोकळ नाही. अडचण मोजमापाची आहे. किती वायू खरोखर बांधला गेला हे झिरपून जाणाऱ्या पाण्यातल्या बायकार्बोनेटवरून काढावं लागतं, आणि आपल्या काळ्या रानात आधीचीच चुनखडी विरघळून तोच बायकार्बोनेट देत असते.