दिल्लीचा विमानतळ: आधी टर्मिनल बघा

गेल्या सुट्टीत सातवीतल्या एका ज्युनिअरला पुण्याला घरी पोहोचवायची जबाबदारी माझ्यावर होती. नवी दिल्ली स्टेशनवरून एअरपोर्ट एक्सप्रेस मेट्रोने वीसेक मिनिटांत टर्मिनल ३ गाठलं. मी ऐटीत तिकिटं दाखवली. दारावरचा जवान म्हणाला, "बेटा, ये टी-वन का टिकट है."

तिकीट नीट वाचलं नाही ही चूक माझीच. पण टर्मिनलं एवढी लांब का, याला इतिहास आहे. १९६२ पर्यंत दिल्लीची प्रवासी विमानं सफदरजंगला उतरत. मग ती पालमला आली. पालम हा दुसऱ्या महायुद्धातला ब्रिटिश हवाई दलाचा तळ. आपलं हवाई दल तिथे आजही आहे. पुढे गर्दी वाढली, तेव्हा आंतरराष्ट्रीय प्रवाशांसाठी टर्मिनल २ धावपट्टीच्या पलीकडे बांधलं. १९८६ मध्ये ते सुरू झालं आणि विमानतळाला इंदिरा गांधींचं नाव मिळालं. २०१० च्या राष्ट्रकुल स्पर्धांआधी त्याच्याच शेजारी टर्मिनल ३ उभं राहिलं. टर्मिनल १ मात्र जुन्या बाजूलाच राहिलं. मधे धावपट्टी, त्यामुळे रस्त्याने मोठा वळसा पडतो.

टर्मिनल १ ला जायचं असेल तर स्टेशनवरून यलो लाईनने हौज खासला या आणि तिथे मॅजेंटा लाईन पकडा. हे मला नंतर कळलं! आम्ही शटल बसने गेलो. चेक-इन बंद व्हायला सात मिनिटं उरली होती.

ज्युनिअर वाटेत एक शब्द बोलला नाही. विमान उडाल्यावर त्याने हळूच विचारलं, "सर, पुण्याला किती टर्मिनल आहेत?"