गुबगुबीत अक्षरं कापताना

मुंबईच्या ‘एक टाइप’ या गटाने ‘मोदक’ नावाचा एक देवनागरी फॉन्ट केला आहे. अक्षरं इतकी गुबगुबीत की त्यांच्या पोटात जेमतेम बारीक पांढऱ्या फटी उरतात. बारशाच्या पाटीसाठी किंवा वाढदिवसाच्या तोरणासाठी फॉन्ट शोधणाऱ्याला तो पाहताक्षणी आवडतो. मात्र वीतभर उंचीला छान दिसणारं ‘मोदक’मधलं नाव किचेनवर बसवलं की त्या फटी बुजतात आणि अक्षर ओळखू येईनासं होतं. फॉन्टमध्ये खोट काहीच नसते. तो मोठ्या आकारासाठीच आखलेला असतो.

पुस्तकाच्या मजकुराचा फॉन्ट लहान आकारात तासन्‌तास वाचता यावा म्हणून घडवतात, शोभेचा फॉन्ट चार-दोन शब्दांतच लक्ष वेधून घ्यावा म्हणून. त्यामुळे हस्तकलेत खेळकर फॉन्टचं काम एखाद्या नावापुरतं किंवा शुभेच्छेपुरतं. पत्रिकेचा अख्खा मजकूर त्यात लिहिला, तर पाहुण्यांना कार्यालयाचा पत्तासुद्धा धड वाचता येत नाही. नाव खेळकर अक्षरात आणि बाकीचा मजकूर ‘मुक्त’सारख्या साध्या फॉन्टमध्ये, ही जोडी सहसा चुकत नाही.

असं अक्षर आपल्याकडे संगणकासोबत आलेलं नाही. कमल शेडगे यांनी कितीतरी मराठी नाटकांची शीर्षकं हाताने रेखाटली आणि नाटकाचा स्वभाव त्या अक्षरांत उतरवला. लग्नाच्या कार्यालयात वधूवरांची नावं थर्माकोलमधून कापून मखमली पडद्यावर टाचणारे कारागीर तर गावोगाव होते. २०१८ साली राज्यात सजावटीच्या थर्माकोलवर बंदी आली. ती जागा आता पुठ्ठा, फोम शीट, एमडीएफ आणि ॲक्रिलिक यांनी घेतली आहे. कात्रीच्या जोडीला लेझर आणि घरगुती कटिंग मशीन आलं. कारागिराच्या हाताला जे अनुभवाने कळत होतं, ते आता फॉन्ट निवडणाऱ्याने आधीच ताडावं लागतं.

पहिली गोष्ट शिरोरेषेची. इंग्रजी नाव कापलं तर प्रत्येक अक्षर सुटं होतं आणि एकेक करून चिकटवावं लागतं. ‘शर्वरी’ हे नाव शिरोरेषेमुळे एकसंध तुकडा म्हणून हातात येतं. केकवर खोचायच्या किंवा दारावर लावायच्या नावासाठी ही फार मोठी सोय आहे, आणि मराठीत काम करणाऱ्यांनी तिचा पुरेपूर फायदा घ्यावा. गोंधळ होतो तो मशीनवर. पडद्यावर अखंड दिसणारी शिरोरेषा प्रत्यक्षात शेजारच्या अक्षरांच्या टोकांवर टोकं येऊन बनलेली असते, आणि मशीन प्रत्येक अक्षराची कड वेगळी कापत जातं. म्हणून कापण्याआधी सगळी अक्षरं जोडून एकच आकृती करावी लागते. कटिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये या आज्ञेला ‘वेल्ड’ म्हणतात, इंकस्केप या रेखाटनाच्या सॉफ्टवेअरमध्ये ‘युनियन’.

अनुस्वार मात्र सुटाच राहतो. ‘आनंदी’ ॲक्रिलिकमध्ये कापलं की टिंब वेगळं पडतं आणि हाती ‘आनदी’ उरते. चिकट व्हिनाइलवर याची चिंता नाही, कारण उचलून लावायचा पारदर्शक कागद टिंबालाही जागेवर धरून ठेवतो. लाकडात किंवा ॲक्रिलिकमध्ये टिंब खाली सरकवून शिरोरेषेला टेकवावं, नाहीतर अख्खं नाव मागे एखाद्या पट्टीवर चिकटवावं. उकाराचीही हीच काळजी घ्यावी. अक्षराला तो जिथे चिकटतो ती मान बारीक असेल, तर तुकडा तिथेच मोडतो.

रांगोळीच्या छापात सगळं उलटं होतं. छापात अक्षर म्हणजे भोक. ‘शुभ दीपावली’ कापताना ‘प’ आणि ‘व’ यांच्या पोटातला पुठ्ठा गळून पडतो आणि रांगोळी टाकल्यावर तिथे भरीव गोळा उमटतो. पोटातला भाग बाहेरच्या पुठ्ठ्याला जोडून ठेवणारे छोटे पूल सोडावे लागतात. एरवी मदतीला येणारी शिरोरेषा इथे लांबलचक चीर बनते आणि पुठ्ठा तिच्यावर दुमडतो. प्रत्येक अक्षरानंतर ती थोडी तोडली, तर छाप बरेच दिवस टिकतो.

‘बलू’ हा ‘एक टाइप’चाच दुसरा फॉन्ट हस्तकलेला सर्वांत सोयीचा म्हणावा लागेल. अक्षरं गोलसर, टोकं बोथट, पोटं मोकळी. ‘बलू २’ या आवृत्तीत जाडीचे पाच प्रकार मिळतात. नऊ भारतीय लिप्यांमध्ये तो केलेला आहे. गुजराती रूपाला ‘भाई’, पंजाबीला ‘पाजी’, बंगालीला ‘दा’ अशी घरगुती नावं आहेत. ‘यात्रा वन’ या फॉन्टची प्रेरणा मुंबई लोकलच्या हाताने रंगवलेल्या पाट्यांची आहे. त्यातला ठसठशीत जाड-बारीकपणा रंगवलेल्या लाकडी पाटीवर खुलतो, पण कापडावर भरताना बारीक बाजू हरवते. भरतकामाला ‘कलम’ बरा. तो हस्ताक्षराच्या वळणाचा आहे आणि त्याच्या रेषेवरून साखळी टाका सहज धावतो.

फॉन्टच्या जाहिरातीत दिसणारे शब्द सोपे आणि निवडक असतात. त्यांच्यावर भुलू नये. जे नाव कापायचं आहे तेच टाइप करून पाहावं. ‘ऋत्विज’, ‘श्लोक’, ‘ज्ञानदा’ ही नावं फॉन्टची खरी परीक्षा घेतात. ‘वाऱ्यावर’ मधला अर्धा ‘र’ नीट उमटतो का आणि ‘ळ’ बाकीच्या अक्षरांच्या तोडीचा आहे का, हेही पाहावं. काही फॉन्टमध्ये ‘ल’ आणि ‘श’ हिंदी वळणाचे दिसतात, आणि सॉफ्टवेअरमध्ये भाषा मराठी निवडली की आपल्या ओळखीचे आकार येतात. जोडाक्षरं तुटत असतील, तर नाव इंकस्केपमध्ये लिहून त्याची आकृती करावी आणि ती मशीनला द्यावी. लेझरवाल्याकडे फाइल पाठवतानाही अक्षरं ‘कर्व्ह’ करूनच, म्हणजे त्यांची आकृती करूनच पाठवावीत. त्याच्या संगणकावर तो फॉन्ट नसला तरी मग अक्षर बदलत नाही.

एवढं झाल्यावर नाव खऱ्या आकारात साध्या कागदावर छापावं, जिथे लागणार आहे तिथे चिकटवावं आणि खोलीच्या दुसऱ्या टोकाहून वाचावं. महागड्या ॲक्रिलिकची नासाडी इथेच टळते.

ज्यांना वस्तू विकायच्या आहेत, त्यांनी परवानाही वाचावा. ‘मोदक’, ‘बलू’, ‘यात्रा वन’ आणि ‘कलम’ हे चारही गूगल फॉन्ट्सवर मोफत मिळतात आणि ते मुक्त फॉन्ट परवान्याखाली आहेत. त्यात बनवलेल्या पाट्या, तोरणं, टी-शर्ट विकायला मोकळीक आहे. नुसता फॉन्ट वेगळा विकता येत नाही. ‘फक्त वैयक्तिक वापरासाठी’ असं लिहिलेला फुकट फॉन्ट मात्र घरच्या बारशाला चालतो, बचत गटाच्या स्टॉलवरच्या मालाला नाही. त्यासाठी रचनाकाराकडून व्यावसायिक परवाना घ्यावा लागतो.