विश्लेषण : मूळ संख्यांचे अणुकेंद्रकाशी नाते काय?

२, ३, ५, ७, ११... स्वतःखेरीज आणि १ खेरीज कशानेही भाग न जाणाऱ्या मूळ संख्या शाळेपासून ओळखीच्या आहेत. युरेनियमसारख्या जड अणूच्या केंद्रकाशी त्यांचा संबंध असेल, असे कुणालाही वाटणार नाही. पण दोन्हींच्या गणितात एकच नमुना दिसतो. पन्नासहून अधिक वर्षे झाली, त्याचे कारण अजून सापडलेले नाही.

रीमान यांचे गृहीतक काय आहे?

पुढची मूळ संख्या कुठे येईल हे सांगणारे सोपे सूत्र नाही. जर्मन गणितज्ञ बर्नहार्ड रीमान यांनी १८५९ मध्ये दाखवले की, 'झीटा' हे फलन जिथे जिथे शून्य होते त्या जागांवरून मूळ संख्यांची दाटी कशी कमीजास्त होते ते कळते. यातली महत्त्वाची सगळी शून्ये एकाच सरळ रेषेवर असावीत, असा त्यांचा अंदाज होता. संगणकाने १० लाख कोटींहून अधिक शून्ये तपासली आहेत आणि ती सगळी रेषेवरच आहेत. पण तपासणी म्हणजे सिद्धता नव्हे. त्यामुळे क्ले इन्स्टिट्यूटने २००० मध्ये जाहीर केलेले १० लाख डॉलरचे बक्षीस अजून कुणाला मिळालेले नाही.

भौतिकशास्त्र यात कुठून आले?

१९७२ मध्ये तरुण गणितज्ञ ह्यू माँटगोमेरी अमेरिकेत प्रिन्स्टनच्या इन्स्टिट्यूट फॉर अ‍ॅडव्हान्स्ड स्टडीत आले होते. या शून्यांमधल्या अंतरांचे एक सूत्र त्यांच्याकडे होते. चहाच्या वेळी भारतीय वंशाचे गणितज्ञ सर्वदमन चावला यांनी त्यांची भौतिकशास्त्रज्ञ फ्रीमन डायसन यांच्याशी ओळख करून दिली. सूत्र डायसन यांच्या लगेच लक्षात आले. जड अणुकेंद्रकांच्या ऊर्जापातळ्या समजून घेण्यासाठी यूजीन विग्नर यांनी १९५० च्या दशकात रँडम मॅट्रिक्सचे गणित वापरले होते. त्यातही हेच सूत्र येते. दोन्हीकडे शेजारी-शेजारी असलेले आकडे एकमेकांपासून अंतर राखून असतात. पुढे अँड्र्यू ओडलिझ्को यांनी १९८७ मध्ये एक लाख कोटीव्या शून्याच्या आसपासची आकडेमोड प्रसिद्ध केली. तीही या सूत्राशी जुळली.

मग गृहीतक सिद्ध झाले का?

नाही. ज्या क्वांटम प्रणालीच्या ऊर्जापातळ्या नेमक्या या शून्यांशी जुळतील, अशी प्रणाली सापडली तर ते सिद्ध होऊ शकेल. ऊर्जापातळ्या वास्तव संख्या असतात, म्हणून शून्यांना रेषा सोडता येणार नाही. मायकेल बेरी आणि जोनाथन कीटिंग यांनी १९९९ मध्ये अशी प्रणाली कशी असावी याची रूपरेषा मांडली, पण प्रत्यक्ष प्रणाली मिळालेली नाही. शिवाय केवळ साम्यावरून निष्कर्ष काढणे धोक्याचे आहे. मेक्सिकोतील क्वेर्नावाका शहरात दोन बसगाड्यांमधल्या वेळेतही हाच नमुना आढळला, असे २००० मध्ये दोन भौतिकशास्त्रज्ञांनी दाखवले. म्हणून त्या बसगाड्यांचे मूळ संख्यांशी नाते आहे, असे कुणी म्हणत नाही.

मोबाइलमधल्या बँक अ‍ॅपला धोका आहे का?

'गृहीतक सुटले की सगळे पासवर्ड फुटतील' हा समज चुकीचा आहे. आरएसए ही सुरक्षा पद्धत मोठ्या संख्येचे मूळ अवयव पाडणे अवघड असते यावर उभी आहे. गृहीतक सिद्ध झाल्याने अवयव पाडण्याची झटपट रीत आपोआप हाती येत नाही. खरा धोका क्वांटम संगणकाचा आहे. पुरेसा मोठा क्वांटम संगणक हे काम वेगाने करू शकेल, हे पीटर शोर यांनी १९९४ मध्येच दाखवले.

नव्या दाव्यांकडे कसे पाहावे?

फील्ड्स पदक आणि आबेल पुरस्कार मिळवलेले मायकेल अटिया यांनी २०१८ मध्ये जर्मनीतील हायडेलबर्ग येथे गृहीतकाची सिद्धता मांडली. तिचा धागा त्यांनी भौतिकशास्त्रातल्या सुमारे १/१३७ या स्थिरांकाशी जोडला होता. जगभर बातम्या झाल्या, पण गणितज्ञांनी ती सिद्धता स्वीकारली नाही. पुढच्या वेळी असा मथळा स्क्रीनवर आला, तर सांगणारा कोण यापेक्षा इतर तज्ज्ञांनी सिद्धतेची प्रत्येक पायरी तपासली आहे का, हे आधी पाहावे.