पगार वाढला, डॉक्टर सुटला!

चिंचवडच्या मोहननगरातली आमची शेजारीण मे महिन्यात पेढे घेऊन आली. यजमानांचा पगार वीस हजारांवरून साडेएकवीस झाला होता. पण चेहरा उतरलेला! म्हणाली, "वहिनी, आता सासूबाईंच्या गोळ्या विकत आणायच्या हो."

कामगार राज्य विमा, म्हणजे आपले ई.एस.आय., ह्याची पगारमर्यादा १ जानेवारी २०१७ पासून २१,००० रुपये झाली. जुलै २०१९ च्या दरांनी कामगाराच्या पगारातून शेकडा पाऊण रुपया कापायचा, मालकाने सव्वातीन घालायचे. वीस हजारांवर कामगाराचे फक्त दीडशे रुपये! त्यात बायको-मुले आणि अवलंबून असलेल्या आईवडिलांचे औषधपाणी. आणि पाचशे रुपये जास्त मिळाले की हे सगळे बंद? मला तर हा नियम काही पटत नाही.

ह्या योजनेत महाराष्ट्राने पॅनेल डॉक्टरची पद्धत घेतली. गल्लीतल्याच खासगी डॉक्टरशी करार होतो. त्याच्या यादीवरच्या दर कामगारामागे त्याला वर्षाची ठरावीक रक्कम मिळते. तुम्ही एकदा जा की वीसदा. कल्पना १९११ च्या विलायती विमा कायद्यातली. आपल्याकडचा आराखडा प्रा. अडारकरांनी १९४४ साली दिला, कायदा १९४८ साली झाला.

आता खाणावळीचा महिना ठरला की वाढप्याचा हात आखडतो, हे आपण जाणतोच. डॉक्टरचेही तसे होऊ शकते. पण दर खेपेला फी मोजायची म्हटले की घरातली बाई आधी स्वतःचे दुखणे अंगावर काढते, त्याचे काय?

शेजारणीला एक गोष्ट ठाऊक नव्हती. वर्गणीच्या सहामाह्या दोन: एप्रिल ते सप्टेंबर आणि ऑक्टोबर ते मार्च. मध्येच पगार वाढला तरी सहामाही संपेपर्यंत कामगार योजनेतच राहतो, वर्गणीही कापली जाते. म्हणजे सप्टेंबरअखेर तरी काळजी नाही!

चाकणकडे ठेकेदार बदलत काम करणाऱ्यांनी आणखी एक जपावे. विमा क्रमांक जन्मभर एकच असतो; नव्या ठेकेदाराला जुनाच द्यावा.

आणि पुढे? राज्याच्या आरोग्य खात्याच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून उपचार मोफत झाले. त्यात औंधचे जिल्हा रुग्णालय येते. महापालिकेची रुग्णालये मात्र त्या निर्णयात नव्हती. औंधची बस कुठून मिळते, हे विचारून शेजारीण पगाराची चिठ्ठी तपासायला घरी पळाली. पेढ्यांचा डबा इथेच राहिला.