'उद्यापासून नक्की'चं करायचं काय?

सबमिशन रातोरात पूर्ण होतं, कारण त्याला तारीख असते. गिटार, एमपीएससी, जर्मन भाषा, धावणं यांना मात्र तारीखच नसते. म्हणून ती कामं वर्षानुवर्षं 'उद्या'वर जातात. या चालढकलीमागचं कारण आणि तिच्यावरचे काही साधे उपाय.

सबमिशनची आदली रात्र. ठाण्यापासून कल्याणपर्यंत कितीतरी घरांत दिवा उशिरापर्यंत चालू असतो. कुणी ग्रुपवर 'प्रॅक्टिकल सहाचे फोटो टाका रे' म्हणून हात जोडतंय, कुणी ग्राफ उतरवतंय. सकाळी प्लॅटफॉर्मवर गाडीची वाट बघता बघता बॅगेवर फाइल ठेवून इंडेक्स भरली जाते आणि दुपारी जर्नलवर सही होते. आपल्याला काम जमत नाही असं म्हणायला इथे जागाच नाही. दोन महिन्यांचं काम आपण एका रात्रीत उरकलेलं असतं.

आता दुसरी यादी बघा. फर्स्ट इयरला घेतलेली गिटार कपाटावर आहे. एमपीएससीची पुस्तकं आणली, त्यातल्या पहिल्याच पुस्तकाची पहिली वीस पानं पिवळ्या हायलायटरने रंगली आणि पुढची कोरी राहिली. 'या वर्षी ठाण्याच्या वर्षा मॅरेथॉनमध्ये पळायचंच' असं दर पावसाळ्यात ठरतं. या यादीला कुणी एचओडी नाही, लेट फी नाही, केटीची भीती नाही. त्यामुळे यातलं काहीच कधी 'लेट' होत नाही. ते नुसतं होत नाही.

खरा धोका इथे आहे. सबमिशनची चालढकल रात्रभराच्या जागरणात फिटते. स्वतःसाठी ठरवलेल्या गोष्टीची चालढकल मात्र कुणाच्या लक्षातही येत नाही. टीवाय संपतं, नोकरी लागते आणि मग 'अरे, मला हे करायचं होतं' एवढंच वाक्य उरतं.

आळशी म्हणू नका

घरच्यांचा ठरलेला शब्द म्हणजे 'आळशी'. पण आळशी माणूस निवांत असतो, चालढकल करणारा कधीच निवांत नसतो. त्याला अभ्यासाला बसायचं असतं आणि नेमकं तेव्हाच कपाट आवरावंसं वाटतं, चार्जरची वायर सरळ करावीशी वाटते, एक रील बघावासा वाटतो. हात रिकामे नसतातच, फक्त ते काम सोडून बाकी सगळं चालू असतं.

पिअर्स स्टील या संशोधकाने २००७ मध्ये चालढकलीवरच्या शेकडो अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला. कॉलेजमधले ८० ते ९५ टक्के विद्यार्थी कमीअधिक चालढकल करतात, असा अंदाज त्यात दिला आहे. म्हणजे तुमच्या बाकावर बसलेला टॉपरही बहुधा यातलाच. कॅनडाच्या कार्लटन विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ टिमोथी पिचिल यांनी या विषयावर अनेक वर्षं काम केलं आहे. त्यांच्या मते ही अडचण वेळेच्या नियोजनापेक्षा भावनांशी जास्त जोडलेली आहे. समोरचं काम बघितलं की कंटाळा, भीती किंवा 'मला हे जमणार नाही' अशी शंका मनात येते. काम बाजूला सारलं की ती भावना लगेच कमी होते. मेंदूला हा झटपट आराम आवडतो आणि पुढच्या वेळी तो पुन्हा तीच वाट धरतो.

म्हणून नवं प्लॅनर अॅप टाकून फारसा फरक पडत नाही. टाइमटेबल रंगवण्यात एक दुपार जाते, बरंही वाटतं, पण मूळ भीती जिथल्या तिथे राहते. त्यापेक्षा स्वतःला एक प्रश्न विचारा: या कामातलं नेमकं काय टाळावंसं वाटतंय? गिटार वाईट वाजेल आणि शेजारच्या फ्लॅटमधले ऐकतील, ही भीती आहे का? मॉक टेस्टचे मार्क बघायची भीती आहे का? उत्तर सापडलं की काम तेवढंच राहतं, पण त्याचा बागुलबुवा थोडा लहान होतो.

लोकलला कुठे मोटिव्हेशन लागतं?

'मूड लागला की करतो,' हे आपलं आवडतं वाक्य. पण सकाळच्या लोकलसाठी आपण कधी मूडची वाट बघतो का? पाऊस असो, झोप अपुरी असो, डोंबिवलीच्या प्लॅटफॉर्मवर पाय ठेवायला जागा नसो, तरी ठरलेल्या वेळी आपण ठरलेल्या डब्यासमोर उभे असतो. वेळ आणि जागा पक्की असल्यामुळे रोज नव्याने काही ठरवावं लागत नाही.

जर्मन मानसशास्त्रज्ञ पीटर गॉल्विट्झर यांनी नेमका यावरच प्रयोग केला. नाताळच्या सुट्टीत विद्यार्थ्यांना एक छोटा अहवाल लिहून ४८ तासांच्या आत पाठवायला सांगितलं. काहींनी तो कधी आणि कुठे बसून लिहायचा हे आधीच ठरवून टाकलं, बाकीच्यांनी नुसतं 'लिहीन' म्हटलं. जागा-वेळ ठरवणाऱ्यांपैकी जवळपास चारातल्या तिघांनी अहवाल वेळेत पाठवला. दुसऱ्या गटात हे प्रमाण तिघांत एक एवढंच होतं. इच्छा दोन्ही गटांची होती, फरक त्या एका वाक्यातून पडला.

तर 'रोज अभ्यास करीन' याऐवजी 'कॉलेजहून आल्यावर चहा झाला की मोबाइल आतल्या खोलीत ठेवून गॅलरीत वीस मिनिटं इतिहास' असं ठरवा. ट्रेनमधला वेळही वापरता येतो, पण वास्तव सोडून नको. सकाळच्या गर्दीत खिशातला मोबाइल काढायलाही हात मोकळा नसतो, तिथे पुस्तक वाचायचं ठरवलं तर पहिल्याच दिवशी प्लॅन बारगळेल. त्याऐवजी कानात जर्मनचे धडे चालू शकतात, आणि परतीच्या रिकाम्या गाडीत पुस्तक.

अजिंक्य रहाणे हे डोंबिवलीचंच उदाहरण. मॅटिंगच्या विकेटवर चालणाऱ्या छोट्या कोचिंगमध्ये सुरुवात, मग क्रिकेटची किट बॅग घेऊन लोकलने मुंबईच्या मैदानांकडे प्रवास. गर्दीच्या वेळी ती बॅग घेऊन डब्यात शिरणं म्हणजे काय, हे आपल्या भागात कुणाला समजावून सांगायला नको. मार्च २०१३ मध्ये दिल्लीत त्याचं कसोटी पदार्पण झालं. डिसेंबर २०२० मध्ये मेलबर्नला कर्णधार म्हणून त्याने ११२ धावा केल्या. आपल्याला हे दोन दिवस आठवतात. त्याआधीच्या शेकडो सकाळींचा स्कोअरकार्ड कुठेच नाही, आणि त्यातल्या प्रत्येक सकाळी मूड चांगला असेल असं मानायचं काही कारण नाही.

तारीख नसेल तर स्वतः द्या

स्वतःच्या ध्येयाला डेडलाइन कुणी देत नाही, ती आपणच घालावी लागते. २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात विद्यार्थ्यांना तीन मजकूर तपासून त्यातल्या चुका शोधायला दिल्या होत्या. एका गटाला दर आठवड्याला एक मजकूर द्यायचा होता. दुसऱ्या गटाने आपल्या तारखा आपणच ठरवायच्या होत्या. तिसऱ्या गटाला तिन्ही शेवटच्या दिवशी एकदम द्यायची मुभा होती. सर्वांत चांगलं काम दर आठवड्याच्या तारखा असलेल्या गटाचं झालं, त्याखालोखाल स्वतः तारखा ठरवणाऱ्यांचं. पूर्ण मोकळीक मिळालेला गट सर्वांत मागे राहिला.

म्हणजे 'वर्षभरात गिटार शिकायची' ही डेडलाइन नव्हे. 'या रविवारपर्यंत दोन कॉर्ड' ही डेडलाइन.

सांगायचं कुणाला?

मग स्टोरी टाकायची का, 'डे वन ऑफ हंड्रेड'? जरा थांबा. गॉल्विट्झर यांच्याच २००९ च्या अभ्यासात असं दिसलं की आपला संकल्प चार लोकांच्या नजरेत भरला की तो थोडा पूर्ण झाल्यासारखाच वाटतो आणि मेहनत कमी होते. स्टोरीवर आलेले फायर इमोजी हे न केलेल्या कामाचं बक्षीस असतं.

आनंदीबाई जोशींची गोष्ट वेगळी होती. ३१ मार्च १८६५ ला कल्याणमध्ये जन्मलेल्या या मुलीचं नवव्या वर्षी लग्न झालं आणि चौदाव्या वर्षी तिने आपलं तान्हं बाळ गमावलं. पुढे डॉक्टर व्हायला अमेरिकेला निघण्यापूर्वी, १८८३ मध्ये, बंगालमधल्या सेरामपूर कॉलेजच्या सभागृहात त्यांनी लोकांसमोर उभं राहून आपण का जात आहोत हे सांगितलं. समोर लाइक करणारे नव्हते. बाईने समुद्र ओलांडून शिकायला जाण्यालाच विरोध असलेला तो समाज होता. त्यांनी सांगितलं ते कारण ठोस होतं: देशात स्त्रियांसाठी स्त्री डॉक्टर हव्यात. १८८६ मध्ये पेनसिल्व्हेनियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयाची पदवी मिळाली, तेव्हा त्या वयाच्या एकविसाव्या वर्षात होत्या, म्हणजे आजच्या टीवायच्या मुलीएवढ्या. पुढच्याच वर्षी आजारपणात त्यांचं निधन झालं.

त्यांच्याशी तुलना करून स्वतःला कमी लेखायची गरज नाही. घेण्यासारखी गोष्ट एवढीच, की संकल्प सांगायचा तर 'का' यासकट सांगावा आणि तोही उलट प्रश्न विचारणाऱ्या माणसाला. एकच मित्र किंवा मैत्रीण पुरे. रविवारी संध्याकाळी तलावपाळीला नाहीतर फडके रोडला भेटल्यावर जी न चुकता विचारेल, 'काय गं, दोन कॉर्ड झाले का?'

घर लहान आहे, टीव्ही चालू आहे, बसायला जागा नाही, ही अडचण खरी आहे. त्यासाठी घराबाहेर बघा. ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ पासून आणि कल्याणचं सार्वजनिक वाचनालय १८६४ पासून उभं आहे. जवळच्या वाचनालयात किंवा अभ्यासिकेत जा. शेजारचा मान खाली घालून वाचत असला की आपलीही मान आपोआप खाली जाते.

आणि दिवस चुकलाच तर?

चुकणारच. परीक्षा येईल, मेगाब्लॉक येईल, गणपती येतील. पिचिल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१० मध्ये कॉलेजच्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांचा अभ्यास केला. पहिल्या परीक्षेच्या वेळी केलेल्या चालढकलीबद्दल ज्यांनी स्वतःला माफ केलं, त्यांनी पुढच्या परीक्षेला चालढकल कमी केली. स्वतःला शिव्या घातल्या की ते काम आणखी नकोसं होतं, हे यामागचं सरळ गणित. एक दिवस चुकला तर दुसऱ्या दिवशी पुन्हा त्याच वेळी, त्याच जागी बसा. 'आता सोमवारपासून' नको.

कधीकधी मामला चालढकलीच्या पलीकडचा असतो. आवडणाऱ्या गोष्टीही नकोशा वाटत असतील, झोप-भूक बिघडली असेल आणि हे आठवडेच्या आठवडे चाललं असेल, तर डोकं आपटत बसू नका. घरी सांगा, कॉलेजच्या काउन्सेलरशी बोला किंवा १४४१६ या सरकारी टेलि-मानस हेल्पलाइनवर फोन करा, तो विनामूल्य आहे.

आजचं काम

तुमच्या त्या दुसऱ्या यादीतली एकच गोष्ट निवडा. बाकीच्यांना या महिन्यापुरती सुट्टी द्या. एका कागदावर चार उत्तरं लिहा: काय, किती वाजता, कुठे बसून आणि रविवारी कुणाला दाखवणार. पहिला टप्पा इतका छोटा ठेवा की सांगताना थोडं हसू येईल. एक पान, एक कॉर्ड, सोसायटीला एक फेरी. कागद आरशाला चिकटवा, त्या मैत्रिणीला मेसेज करा आणि पहिली दहा मिनिटं आज झोपायच्या आत उरका.