अर्धा पाण्यात, अर्धा हवेत

संपादकांचा निरोप दोन ओळींचा होता : सिॲटलला जातेच आहेस, तर वेगाच्या बोटींवर लिही. त्या शहरात हा विषय शोधावा लागत नाही. लेक युनियनच्या काठावर ‘म्युझियम ऑफ हिस्टरी अँड इंडस्ट्री’ आहे आणि तिथे ‘स्लो-मो-शन फोर’ आहे. सुमारे अठ्ठावीस फूट लांबीची ही लाकडी शर्यतबोट पाहायला लोक येतात आणि तिच्या पुढच्या बाजूला उभे राहून फोटो काढतात. खरी करामत मात्र मागे आहे.

तिचा अधिकृत इतिहास थोडक्यात असा. स्टॅन सेअर्स हे सिॲटलमधले मोटारविक्रेते. त्यांच्यासाठी टेड जोन्स यांनी आराखडा केला आणि अँकर जेन्सन यांनी आपल्या कारखान्यात बोट बांधली. २६ जून १९५० रोजी लेक वॉशिंग्टनवर तिने ताशी १६०.३२ मैलांचा, म्हणजे २५८ किलोमीटरचा विश्वविक्रम केला. त्याआधीचा १४१.७४ मैलांचा विक्रम ब्रिटनच्या सर माल्कम कॅम्पबेल यांनी १९३९ मध्ये केला होता. त्याच उन्हाळ्यात तिने डेट्रॉइटला जाऊन मानाचा ‘गोल्ड कप’ जिंकला आणि पुढच्या वर्षी ती शर्यत सिॲटलला आली. १९५२ मध्ये तिने आपलाच विक्रम मोडून १७८.४९ मैलांवर नेला.

१९५० च्या त्या एका धावेत जुन्या विक्रमात अठरा मैलांहून अधिक भर पडली ती कशाने? पहिलं उत्तर सुचतं ते इंजिनाचं. या बोटीत ‘ॲलिसन व्ही-१७१०’ होतं : बारा सिलिंडर, अठ्ठावीस लिटर, दीड हजार अश्वशक्तीच्या आसपास ताकद. ‘पी-३८’ आणि ‘पी-४०’ या लढाऊ विमानांत बसणारी ही इंजिनं युद्ध संपल्यावर लष्कराने स्वस्तात विकायला काढली होती. म्हणजे ती प्रतिस्पर्ध्यांनाही मिळत होती आणि त्यांनी ती घेतलीही. शिवाय पाण्यावर नुसत्या ताकदीचं फारसं चालत नाही. पाण्यावरून घसरत जाणाऱ्या बोटीचा वेग ढोबळमानाने ताकदीच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतो. ताकद दुप्पट केली, तरी वेग जेमतेम एकेचाळीस टक्क्यांनी वाढणार. त्यात दुप्पट ताकदीच्या इंजिनाचं वजन आलं की हातात आणखी कमी उरतं.

म्हणून मी या बोटीच्या गिअरबॉक्सपाशी आणि पंख्यापाशी रेंगाळले.

आपल्या मुंबईच्या ससून डॉकवरच्या ट्रॉलरमध्ये गिअरबॉक्सचं काम फेरे कमी करण्याचं असतं. इंजिन भरभर फिरतं, पंखा मोठा असतो आणि सावकाश फिरतो, कारण त्याला जाळं आणि मासळीचा भार ओढायचा असतो. ॲलिसनच्या नाकावरही विमानाचा पंखा सावकाश फिरवणारे दाते होतेच. बोटवाल्यांनी ते काढून टाकले आणि जागी उलट काम करणारा गिअरबॉक्स बसवला. सिॲटलच्याच ‘वेस्टर्न गिअर वर्क्स’ने तो बनवला होता आणि तो इंजिनाचे फेरे जवळजवळ तिप्पट करायचा. इंजिनाने मिनिटाला तीन हजार फेरे घेतले की दोन पात्यांचा छोटा पंखा नऊ हजारांच्या घरात. म्हणजे सेकंदाला दीडशे फेरे.

इतक्या वेगाने फिरणारा पंखा पूर्ण बुडालेला असता, तर त्याने स्वतःचाच घात केला असता. पात्याच्या पाठीमागे दाब इतका उतरतो की पाणी न तापवताच उकळतं. त्याचे बुडबुडे होतात, ते पात्यावर फुटतात आणि धातूला खड्डे पाडतात. शिवाय पंख्याचा दांडा, त्याला धरणारा आधार आणि मधला गोळा हे सगळं पाण्यात ओढत न्यावं लागतं. स्लो-मो-शनच्या मंडळींनी पंखाच वर घेतला. पूर्ण वेगात बोट पुढच्या दोन तरंड्यांच्या टोकांवर आणि मागे फक्त पंख्यावर तरायची. पंख्याचा खालचा अर्धा पाण्यात, वरचा अर्धा हवेत. पात्याच्या पाठीमागची पोकळी भरायला आता वरून हवा येते, त्यामुळे बुडबुड्यांचा जाच सुटतो. दांडा आणि आधारही पाण्याबाहेर निघतात. बोटीमागे उसळणारा तो पाण्याचा प्रचंड तुरा या अर्ध्या बुडालेल्या पंख्याचाच.

तीन टेकूंवर चालणाऱ्या बोटी आधीही होत्या, पण त्यांची मागची कड पाण्याला घासत असे. इथे पंखा ढकलायचा आणि उचलायचाही. आजही हौशी लोक आपल्या बोटीतलं इंजिन बदलायला निघतात, तेव्हा जाणता मेकॅनिक आधी पाण्याखालच्या ड्राइव्हकडे बघतो : तो किती खोल बसलाय, थोडा वर घेता येईल का, पंख्याचा पिच, म्हणजे पात्यांचा तिरकेपणा, किती. पुष्कळदा चार मैल तिथेच सापडतात.

हे सगळं मी मनापासून कौतुकाने लिहिते आहे. पण या बोटींची माहिती घेत गेले, तसा मनाला घोर लागला. कारण एका जागी मिळवलेल्या वेगाची किंमत दुसऱ्या जागी द्यावी लागते. दीड हजार अश्वशक्तीतली दोनच टक्के गिअरबॉक्सच्या घर्षणात गेली, तरी बावीस किलोवॉट उष्णता होते. जणू त्या लहानशा पेटीत घरातले दहा-अकरा गीझर एकदम पेटलेत. ती उष्णता तेलानेच वाहून न्यायची. दोन पात्यांचा पंखा सेकंदाला तीनशे वेळा पाण्यावर आपटतो, म्हणून पाती थकतात, तडकतात. पात्याचा तुकडा उडाला की तोल गेलेला दांडा बोटीचं बूड फाडू शकतो. लाटेवरून उडी बसली की पंखा मोकळा होतो, फेरे एकदम चढतात आणि पुन्हा पाण्यात पडताना बसणारा हिसका दांड्यातून थेट गिअरच्या दात्यांवर येतो. तो हिसका सौम्य करायला चालकाचा थ्रॉटलवरचा पायच काय तो असतो.

आणि शेवटी प्रश्न हवेचा येतो. पाण्याशी संबंध जितका कमी, तितकी बोट हवेच्या हवाली. पुढचं टोक जरासं उचललं गेलं की खाली शिरलेली हवा सगळी बोट उलथवते. १९५५ मध्ये सेअर्स यांच्याच ‘स्लो-मो-शन फाइव्ह’ने चालक लू फॅगोल यांच्यासह हवेत पूर्ण कोलांटी घेतली. त्यांचा जीव वाचला, शर्यती मात्र संपल्या. १९५६ मध्ये डेट्रॉइटला खुद्द ‘स्लो-मो-शन फोर’ मोडली, चालक जो टॅगार्ट गंभीर जखमी झाले आणि काही आठवड्यांत सेअर्सही वारले. १९ जून १९६६ रोजी वॉशिंग्टनच्या पोटोमॅक नदीवर एकाच दिवशी तीन चालक गेले. १९८१ मध्ये अकापुल्कोला बिल मन्सी आणि १९८२ मध्ये कोलंबिया नदीवर डीन चेनोवेथ, दोघेही अशाच उलथण्यात गेले. त्या खेळातले हे दोन सर्वांत अनुभवी चालक, आणि दोघेही उघड्या बैठकीत बसलेले.

त्यानंतर खऱ्या अर्थाने बदल झाला. १९८६ मध्ये ‘मिस बडवायझर’वर ‘एफ-१६’ लढाऊ विमानाची, चालकाला पूर्ण झाकणारी छत्री (कॅनोपी) बसली आणि पुढे अशा छत्र्या आणि चालकासाठी प्राणवायूची सोय सक्तीची झाली. इंजिनंही बदलली. युद्धकाळातल्या इंजिनांचे सुटे भाग सरत आले, तशी चिनूक हेलिकॉप्टरची टर्बाइनं आली. बोटी आता स्लो-मो-शनपेक्षा वेगाने धावतात, उलथतातही. फरक एवढाच की उलथलेल्या बोटीतून चालक पुष्कळदा आपल्या पायांनी बाहेर येतो.

पहिला मान मी अर्ध्या पाण्यातल्या पंख्यालाच देईन, कारण अठरा मैल त्याने मिळवून दिले. पण तो १९५० मध्ये आला आणि छत्री १९८६ मध्ये. मधल्या छत्तीस वर्षांत इंजिन, दाते आणि पाती यांच्यावर जेवढी बुद्धी खर्च झाली, तिचा लहानसा वाटा जरी बैठकीकडे वळला असता, तरी मन्सी आणि चेनोवेथ कदाचित वाचले असते. बोटीचा वेग वाढवायला निघालेल्या कुणीही कामाच्या यादीत चालकाची जागा पहिली लिहावी आणि पिच, फेरे नि अश्वशक्ती त्याखाली.